गांजाचें मतपत्र आणि शेतकऱ्याचा सातबारा

हळदीला भाव नाहीं, उसाची तोड वेळेवर येत नाहीं, भुईमूग रानडुकरांनीं उकरला व भात गव्यांनीं तुडविलें, असें बोलणें चाललें असतां मध्येंच कोणी तरुण म्हणतो, "अमेरिकेंत लोकांनीं मतें देऊन गांजा मोकळा केला, आपल्याकडे तसें झालें तर एका पावसाळ्यांत कर्ज फिटेल." हे शब्द आम्हीं पाटणच्या बाजारांत ऐकले, एसटीच्या थांब्यावर ऐकले, व एकदां तर लग्नाच्या पंगतींतहि ऐकले. बोलणारा विनोदानें बोलतो व बहुतेक लोक हंसतात. परंतु ऐकणाऱ्यांपैकीं एखादा हंसत नाहीं, खालीं मान घालून विचार करीत राहतो, हेंहि आम्हीं पाहिलें आहे. जो हंसत नाहीं, त्याच्यासाठीं हा लेख आहे.

आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली व अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालों. त्या नोकरींत माणसाला एक संवय लागते. हुकमाचा मथळा तो नुसता नजरेखालून घालतो, आणि खालच्या अटी मात्र आधीं व दोनदां वाचतो. कारण जमीन मिळते ती मथळ्यानें, आणि जाते ती अटींनीं. अमेरिकेंतील गांजाच्या मतदानाचा विचारहि आम्ही याच संवयीनें करणार आहों. गांजा चांगला कीं वाईट, एवढ्यावरच आपल्याकडील वाद संपतो. पिकविणाऱ्याच्या दृष्टीनें त्याहून मोठा प्रश्न असा आहे कीं, मतपत्राखालच्या अटी कोणीं लिहिल्या व कोणासाठीं लिहिल्या.

प्रथम तेथील रीत काय आहे तें सांगूं. अमेरिकेंतील पुष्कळ राज्यांत नागरिकांस असा अधिकार आहे कीं, त्यांनीं एखाद्या कायद्याचा मसुदा स्वतः तयार करावा, ठरलेल्या संख्येइतक्या मतदारांच्या सह्या जमवाव्या, आणि मग तो मसुदा निवडणुकीच्या दिवशीं सर्व मतदारांपुढें 'होय' किंवा 'नाहीं' अशा मतासाठीं ठेवला जावा. आमदारांनीं प्रश्न हातीं घेतला नाहीं तरी लोकांचें अडत नाहीं. ही कल्पना मूळची स्वित्झर्लंडमधली; अमेरिकेंत ती प्रथम १८९८ सालीं साउथ डकोटा राज्यानें स्वीकारली, व कॅलिफोर्नियांत ती १९११ पासून चालूं आहे.

याच मार्गानें गांजाचा प्रश्न १९७२ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढें आला. तेव्हां सुमारें दोनतृतीयांश मतदारांनीं 'नाहीं' म्हटलें. चोवीस वर्षांनीं, १९९६ सालीं, त्याच राज्यानें औषधासाठीं गांजा वापरण्यास मतानें मान्यता दिली. नोव्हेंबर २०१२ मध्यें कोलोरॅडो व वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या मतदारांनीं प्रौढ माणसांस तो मौजेसाठींहि मोकळा केला. पुढें २०१४ सालीं ऑरेगॉन व अलास्का, २०१६ सालीं कॅलिफोर्निया, नेव्हाडा, मॅसॅच्युसेट्स व मेन, अशीं राज्यें एकामागून एक त्या बाजूस गेलीं.

परंतु बाजारांत जें सांगितलें जातें तें येथेंच थांबतें, आणि पुढची हकीकत कोणी सांगत नाहीं. साउथ डकोटाच्या मतदारांनीं २०२० सालीं 'होय' म्हटलें. मसुद्यांत एकाहून अधिक विषय घातले म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं तो निर्णयच रद्द केला. त्याच राज्यानें २०२२ व २०२४ सालीं पुन्हां विचारलें असतां 'नाहीं' म्हटलें. फ्लोरिडांत २०२४ सालीं शेंकडा सुमारें छप्पन मतें गांजाच्या बाजूनें पडलीं, तरी प्रस्ताव नापास झाला. कारण त्या राज्यांत अशा बदलास शेंकडा साठ मतें लागतात. त्या प्रचाराचा बहुतेक खर्च एका बड्या गांजा कंपनीनेंच केला होता. आणि इतकीं राज्यें मोकळीं झालीं तरी तेथील केंद्र सरकारच्या कायद्यानें गांजा अद्यापि नियंत्रित द्रव्यच आहे. सारांश, मत पडलें म्हणजे सारें झालें, असें तेथेंहि नाहीं.

कोणी म्हणेल, हें परदेशचें झालें. आपल्याकडे नशेच्या पदार्थावर मतदान कोठें होतें? होतें, आणि तें आमच्या जिल्ह्यांतल्या बायांनीं करून दाखविलें आहे. महाराष्ट्र सरकारच्या २००८ सालच्या आदेशाप्रमाणें गांवांतील शेंकडा पंचवीस स्त्री मतदारांनीं लेखी मागणी केली, तर दारूचें दुकान ठेवावें कीं बंद करावें यावर गुप्त मतदान घेतां येतें. मतपत्रावर एक उभी बाटली व एक आडवी बाटली असते. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाहि प्रश्न समजतो. आमच्या उत्तरेस लागून असलेल्या जावळी तालुक्यांत बायांनीं अशींच मतदानें लढवून मेढ्यापर्यंतचीं दुकानें बंद पाडलीं. ज्या बायांनीं नवऱ्याचा पगार गुत्त्यांत जातांना पाहिला होता, त्यांनींच तें दुकान मतानें आडवें केलें. अमेरिकेच्या कोणत्याहि मतदानाहून हें आम्हांस कमी वाटत नाहीं.

परंतु येथेंहि खालच्या अटी वाचाव्या. दुकान बंद होण्यास झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मतें पुरत नाहींत; गांवच्या यादींतील एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशीं मजुरीस गेली, जी मुंबईस मुलाकडे राहिली, जी वारली पण यादींतून गेली नाहीं, तिचें मत न देतांच उभ्या बाटलीच्या बाजूस पडतें. दुसरें असें कीं, या मतानें दुकान बंद करितां येतें, पण सरकारला नवें दुकान देण्यापूर्वीं त्याच बायांस त्याच पद्धतीनें विचारावें लागत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं दारूबंदी आली ती बायांच्या दीर्घ चळवळीनंतर. २०२१ सालीं ती उठली ती मंत्रिमंडळाच्या निर्णयानें. आपल्याकडे लोकांच्या मताला दार लावण्याचा थोडासा अधिकार आहे. उघडण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्याच हातांत आहे.

आतां गांजाकडे वळूं. हें पीक आपल्या मुलखाला नवें नाहीं. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांत गांजाची लागवड परवान्यानें होत असे, व तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत ती विशेष होती. विलायतच्या पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून १८९३ सालीं सरकारनें एक कमिशन नेमलें. त्या कमिशननें देशभर हिंडून सुमारें बाराशें साक्षीदार तपासले व १८९४ सालीं आपला मोठा अहवाल दिला. माफक सेवनानें सामान्यतः मोठें नुकसान होत नाहीं, अतिसेवन मात्र अपायकारक आहे, म्हणून सरसकट बंदी करूं नये, कर व परवाना यांनीं आळा घालावा, असा त्याचा एकंदर आशय होता. त्या साक्षीदारांत अधिकारी, वैद्य, जमीनदार, व्यापारी, फकीर, बैरागी असे नाना प्रकारचे लोक होते. मत नव्हे, पण निदान विचारपूस तरी झाली.

पुढें १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें औषध व शास्त्र यांखेरीज गांजाचा वापर कालांतरानें बंद करावा असें ठरलें, भारतानें तो करार मान्य केला, व १९८५ सालीं गुंगीकारक औषधिद्रव्यें व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा कायदा संसदेंत पास झाला. त्यावेळीं ना कमिशन हिंडलें, ना कोणा शेतकऱ्यास विचारलें. त्या कायद्यांत झाडाच्या फुलोऱ्यास गांजा म्हटलें आहे. नुसतें पान व बीं त्या व्याख्येंतून वगळलें आहे, म्हणून उत्तरेंत भांग परवान्याच्या दुकानांत विकली जाते. परंतु झाड लावणें हा स्वतंत्र गुन्हा आहे.

लागवडीचें कलम विसावें आहे. परवान्यावांचून गांजाचें झाड लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. जवळ बाळगलेल्या गांजाच्या बाबतींत एक किलोपर्यंत थोडा व वीस किलोपासून व्यापारी, अशा पायऱ्या केलेल्या आहेत. लागवडीच्या पोटकलमांत झाडांच्या संख्येची अशी पायरी नाहीं. शेंचाळिसाव्या कलमानें जमीनधारकावर असें कर्तव्य घातलें आहे कीं, आपल्या जमिनींत असें बेकायदा पीक असल्यास त्यानें ताबडतोब पोलिसांस वा संबंधित खात्यास कळवावें. जाणूनबुजून न कळविणें हाहि गुन्हाच. सत्तेचाळिसाव्या कलमानें तेंच कर्तव्य पंच, सरपंच व गांवकामगार यांच्यावर आहे. आणि चोपन्नावें कलम सांगतें कीं, एखाद्यानें कसलेल्या जमिनींत हीं झाडें उभीं असल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत तो दोषी आहे असें न्यायालयास गृहीत धरतां येतें.

हीं कलमें कागदावर कशीं दिसतात व माणसावर कशीं येतात, याचा एक अनुभव सांगतों. आम्ही नोकरींत असतां डोंगराकडेच्या एका गांवच्या विधवा बाईच्या शेतांत, मक्याच्या सऱ्यांतून, गांजाचीं झाडें सांपडलीं. ओढ्याकांठचा तो तुकडा तिनें बाहेरगांवच्या एका माणसास अर्धेलीनें दिला होता. झाडें उपटलीं गेलीं, पंचनामा झाला, वाटेकरी पळाला. आमच्याकडे सातबाराची नक्कल मागणारें पत्र आलें, व ती नक्कल आम्हीं दहा मिनिटांत काढून सही शिक्क्यानिशीं दिली. कब्जेदाराच्या जागीं त्या बाईचें नांव होतें. बारा नंबरच्या नमुन्यांत जमीन कसण्याची रीत लिहिलेली असते. तेथें ती स्वतः कसते असें होतें. वाटेकऱ्याचें नांव कोठेंच नव्हतें.

नव्हतें याचें कारण आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९४८ च्या कुळकायद्यापासून जमीनवाल्याच्या मनांत ही भीति बसली आहे कीं, वाटेकऱ्याचें नांव पीकपाहणींत आलें कीं उद्यां तो कुळ म्हणून उभा राहील. म्हणून करार तोंडी, वाटा खळ्यावर, आणि कागदावर 'खुद्द'. हा 'खुद्द' शब्द आम्हींच वर्षानुवर्षें डोळे मिटून नकलला होता. बाई कचेरींत आली तेव्हां आम्हांस म्हणाली, "भाऊसाहेब, गांजा कसला असतो तें मी कधीं बघितलं बी न्हाई. माझं नांव कशापायीं घातलंय?" आम्हीं म्हणालों, "मावशी, नांव आम्हीं घातलें नाहीं. तें तुमच्या मालकांच्या मागें वारसानें लागलें आहे." उत्तर खरें होतें, आणि तरी तें देतांना आम्हांस बरें वाटलें नाहीं. शेवटीं ती सुटली. पण तोपर्यंत दोन पावसाळे गेले, दावणीची म्हैस गेली, व तो तुकडा पडीक राहिला. कायद्यांत 'जाणूनबुजून' हा शब्द आहे, आणि तो तिला वांचविणारा ठरला, हें खरें. परंतु आपण जाणत नव्हतों हें सिद्ध करण्याचें गाडीभाडें तिनेंच भरलें.

म्हणून जो तरुण म्हणतो कीं, कायदा बदलेपर्यंत चार झाडें उसाच्या आंत लावलीं तर कोणास कळतें, त्यास आमचें सांगणें असें कीं, बाबा, झाड तूं लावशील, पण सातबारावर नांव तुझ्या आईचें आहे.

सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्यानें २०२१ सालीं चोरून न लावतां उघड मार्ग धरला. कोणत्याहि पिकास खर्चाइतका भाव मिळत नाहीं, तरी आपल्या शेतांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी, असा अर्जच त्यानें जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. परवानगी मिळाली नाहीं, व मिळणारहि नव्हती. वर्तमानपत्रांनीं ती हकीकत गमतीची म्हणून छापली. आम्हांस त्यांत गंमत दिसली नाहीं. त्या अर्जांतील मागणी चूक असेल. पण जें कारण त्यानें लिहिलें तें राज्यांतील कोणत्याहि तालुक्यांतून लिहितां आलें असतें.

आतां असें समजूं कीं, आपल्याकडेहि अमेरिकेसारखें मतदान झालें व 'होय' चा कौल पडला. मग शेतकऱ्याचें कर्ज फिटेल काय? याचें उत्तर शोधण्यास कल्पना लढवावयास नको. तेथील शेतकऱ्यांचा अनुभव समोर आहे.

ओहायो राज्यांत २०१५ सालीं जो मसुदा मतास आला, त्यांत व्यापारी लागवडीचा हक्क फक्त ठराविक दहा जागांना दिला होता, व त्या जागा प्रचाराला पैसा पुरविणाऱ्यांच्या होत्या. मथळा होता गांजा मोकळा करण्याचा, आणि अटींत होता दहा जणांचा मक्ता. तेथील मतदारांनीं अटी वाचल्या. शेंकडा सुमारें चौसष्ट मतें विरुद्ध पडलीं. त्याच मतदारांनीं २०२३ सालीं दुसरा मसुदा शेंकडा सुमारें सत्तावन मतांनीं पास केला, व त्यांत प्रौढ माणसास घरीं सहा झाडें लावण्याची मोकळीक होती. गांजाविषयीं लोकांचें मन आठ वर्षांत बदललें असेल. परंतु पहिल्या मसुद्यांतील मक्ता लोकांस खपला नाहीं, हें उघड आहे.

कॅलिफोर्नियांत २०१६ च्या मसुद्यांत लहान शेतकऱ्यांस धीर देणारी एक अट होती. एक एकराहून मोठ्या लागवडीचे परवाने पहिलीं पांच वर्षें देऊं नयेत, अशी ती अट. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत पिढीदोनपिढी गांजा लावणारे लहान शेतकरी तिच्यावर विसंबले. परंतु २०१७ च्या अखेरीस सरकारी नियम निघाले, तेव्हां एकानें किती लहान परवाने घ्यावे याला मर्यादाच घातली नाहीं. भांडवलवाल्यांनीं लहान परवाने डझनांनीं घेऊन एकमेकांस लावले, व मोठी शेतें उभीं केलीं. अट कागदावर राहिली आणि शेत दुसऱ्याचें झालें. आपल्याकडे कमाल जमीन धारणेचा कायदा कुटुंबें कागदोपत्रीं विभागून कसा चुकविला गेला, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

त्याच राज्यांतील दुसरी अट कराची होती. १ जानेवारी २०१८ पासून लागवडीवर कर बसला, तो फुलोऱ्याच्या एका औंसास, म्हणजे सुमारें अठ्ठावीस ग्रॅमांस, सव्वानऊ डॉलर असा वजनावर. भाव चढा होता तोंवर तो जाणवला नाहीं. पुढें माल उदंड झाला व २०२१ सालीं भाव कोसळला. कर मात्र वजनावर असल्यामुळें तसाच राहिला, उलट महागाईप्रमाणें वाढला. शेवटीं १ जुलै २०२२ पासून तो उठविला, परंतु तोंवर पुष्कळ लहान शेतकऱ्यांनीं धंदा सोडला होता. आमच्या महसुलाच्या इतिहासांत हा धडा जुना आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला व १८६५ नंतर उतरला. साऱ्याची आकारणी मात्र वाढली, व रयत सावकाराच्या वहींत अडकली. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत जे दंगे झाले, त्यांच्या मुळाशीं हेंहि एक कारण होतें. भाव पडला तरी न पडणारा कर शेतकऱ्यास बुडवितो, मग पीक कापसाचें असो वा गांजाचें.

याच्या उलट टोंक ओक्लाहोमाचें. तेथें २०१८ सालीं मतदारांनीं औषधी गांजास मान्यता दिली व परवान्यांस मर्यादाच ठेवली नाहीं. अडीच हजार डॉलर भरले कीं लागवडीचा परवाना. २०२१ च्या अखेरीस असे परवानेवाले नऊ हजारांवर गेले. माल इतका झाला कीं भाव राहिला नाहीं, व चोरटा व्यापार वाढला. २०२२ सालीं नवे परवाने थांबविणें भाग पडलें, आणि मार्च २०२३ मध्यें मौजेच्या गांजाचा प्रश्न आला तेव्हां त्याच मतदारांनीं शेंकडा सुमारें बासष्ट मतांनीं तो फेटाळला. म्हणजे मक्ता असेल तर लहान शेतकऱ्यास शिरकाव नाहीं, आणि मर्यादा नसेल तर शिरकाव होऊनहि भाव नाहीं. जें पीक सर्वांस लावतां येतें त्याची टंचाईची किंमत टिकत नाहीं. आज चोरट्या गांजास जो भाव ऐकूं येतो, तो झाडाचा नसून तुरुंगाच्या भीतीचा आहे. भीति गेली कीं भावहि गेला. बाजारांत हिशेब मांडणारे तरुण हीच गोष्ट विसरतात.

आपल्याच देशांत कांहीं हालचाल चालूं आहे, तीहि या दृष्टीनें पाहावी. १९८५ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमांत धागा किंवा बीं यांसाठीं लागवडीस परवानगी देण्याची वाट आहे. उत्तराखंडानें २०१८ सालीं असा परवाना प्रथम दिला. त्या वाणांत नशेचा अंश शेंकडा ०.३ हून अधिक नसावा अशी अट आहे. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेनें २०२४ सालीं औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूचा समितीचा अहवाल स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांच्या मंडळानें डिसेंबर २०२० मध्यें गांजास अति घातक द्रव्यांच्या यादींतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनीं केला, व भारताचें मत काढण्याच्या बाजूस पडलें. तेव्हां उद्यां महाराष्ट्रांतहि डोंगरी तालुक्यांसाठीं तागासारखें पीक म्हणून अशी एखादी योजना येणें अशक्य नाहीं. ती आली तर पाटणचें नांव त्यांत असावें, अशी मागणीहि होईल. त्यावेळीं मथळा वाचून हार घालावयास धांवूं नये, एवढ्यासाठींच आम्ही आज लिहीत आहों.

नशेचा प्रसार व्हावा असें आमचें म्हणणें नाहीं. कोवळ्या वयांत गांजाचें नित्य सेवन केल्यास बुद्धीवर व मनावर अनिष्ट परिणाम होतो असें वैद्यकशास्त्र सांगतें, आणि दारूनें काय होतें तें घरोघरीं दिसतेंच आहे. ज्या बायांनीं बाटली आडवी केली त्या उद्यां चिलीमहि आडवी करतील, तर त्यांचा तो अधिकार आहे, व आम्ही त्यांच्या बाजूस उभे राहूं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बंद करण्याचें असो वा उघडण्याचें असो, ज्यांच्या घरावर व ज्यांच्या सातबारावर त्याचा भार पडणार, त्यांस आधीं विचारावें, आणि विचारतांना पूर्ण मजकूर मराठींत त्यांच्यापुढें ठेवावा.

तो मजकूर आला असतां आमच्या वाचकांनीं पुढील गोष्टी त्यांत आहेत कीं नाहींत तें पाहावें. एका खातेदारास व त्याच्या कुटुंबास मिळून किती क्षेत्रास परवाना मिळेल, व दुसऱ्याचे परवाने विकत किंवा खंडानें घेतां येतील काय. बीं कोण देणार, व त्या बियाण्याच्या पिकांत नशेचा अंश ठरल्यापेक्षां अधिक निघाला तर पीक नष्ट करण्याचें नुकसान शेतकऱ्याचें कीं बीं देणाऱ्याचें. माल कोण घेणार, कोणत्या भावानें, व त्यानें न घेतल्यास काय. कर किमतीवर कीं वजनावर. आणि शेवटचें, पण आमच्या मतें पहिलें, तें असें कीं, वाटेकऱ्यानें गुन्हा केल्यास जमीनवाल्या विधवेवर वा म्हाताऱ्यावर तो कितपत येणार. यांतील एकाहि प्रश्नाचें उत्तर मजकुरांत नसेल, तर ग्रामसभेंत हात वर करण्यापूर्वीं तें मागून घ्यावें.

तोंपर्यंत करण्यासारखी गोष्ट साधी आहे. जमीन वाट्यानें दिली असेल तर पिकाच्या दिवसांत आठवड्यांतून एकदां तरी आपल्या पायांनीं बांधावरून फिरावें. मका, ऊस व हळद यांच्या आंत शिरून पाहावें. संशयाचें झाड दिसल्यास स्वतः उपटून गुपचूप टाकूं नये. पोलिसपाटलास घेऊन लेखी कळवावें व पोंच घ्यावी. २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर नोंदवावयाची आहे. ती दुसऱ्याच्या हातांत देऊं नये, कारण तेथें लिहिलेलें पीक हा आपलाच जबाब आहे. वाट्याचा करार निदान साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, एका हंगामापुरता म्हणून लिहून ठेवावा. कुळाची भीति आम्ही जाणतों. परंतु त्या भीतीनें कोरी ठेवलेली जागा एके दिवशीं कोण भरतो, तें आम्हीं त्या मावशींच्या बाबतींत पाहिलें आहे.

ती नक्कल काढावयास आम्हांस दहा मिनिटें लागलीं होतीं. त्या दिवशीं आम्हीं बारा नंबरची ओळ नुसती नकलण्याऐवजीं वाचली असती, आणि खालीं एवढें जरी लिहिलें असतें कीं, प्रत्यक्ष कसणाऱ्याची चौकशी व्हावी, तर कदाचित् तिची म्हैस दावणीस राहिली असती. तसें लिहिण्याचा आम्हांस अधिकार होता, संवय नव्हती. बाजारांत खालीं मान घालून विचार करणाऱ्या आमच्या त्या शेतकरी बंधूनें ही संवय आतांच लावून घ्यावी, व कोणी मतपत्र, परवाना किंवा करार पुढें केला तर आधीं त्याची खालची बाजू वाचावी.